स्वस्तातली यंत्रं महागात पडली, पण जमशेटजी टाटा डगमगले नाहीत! नागपूरच्या एम्प्रेस मिलची गोष्ट

नागपूर : टाटा म्हटलं की लोकांना पोलाद, मोटारी आठवतात. पण जमशेटजी टाटांचा पहिला मोठा कारखाना आपल्या विदर्भाच्या कापसावर उभा राहिला, आणि सुरुवातीलाच फसता फसता वाचला.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधील नवसारीचा. त्या काळी गिरण्या निघायच्या मुंबईत. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडलं. कापूस इथला, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि माल खपवायला बाजारही इथंच. १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून घेतली. १ जानेवारी १८७७ ला मिल सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल.

सुमारे ३० हजार चात्या, ४५० माग. यंत्रं विलायतेहून आणलेली. पण खर्च वाचवायच्या नादात हलक्या दर्जाची घेतली गेली होती. सूत चांगलं निघेना, उत्पादनही कमी. त्यात नागपूरची कोरडी हवा, धागा सारखा तुटायचा. नफा घटला, शेअरचा भाव पडला.

आता दुसरा कोणी असता तर यंत्रं आणून चुकलो, आता आहे त्यावरच भागवू, असं म्हणाला असता. जमशेटजींनी तसं केलं नाही. खराब यंत्रं काढून चांगली बसवायचं ठरवलं. कारभार पाहायला बेझनजी मेहता होते. ते मूळचे रेल्वेतले, गिरणीचा अनुभव नाही, पण माणूस पक्का. यंत्राचं काम पाहायला जेम्स ब्रुक्सबी हे जाणकार होते.

सूत कातायची रिंग फ्रेम तेव्हा नवीच होती. लँकेशायरचे बरेच गिरणीवाले जुनीच पद्धत धरून बसले होते. जमशेटजींनी १८८३ च्या सुमारास आधी मोजक्याच फ्रेम आणून नागपुरात चालवून पाहिल्या. निकाल चांगला दिसला, मगच पुढची ऑर्डर. हवेत ओलावा राहावा म्हणून मिलमध्ये वेगळी यंत्रंही बसवली. हळूहळू एम्प्रेस मिल देशातल्या नावाजलेल्या गिरण्यांत गणली जाऊ लागली.

१८८६ मध्ये कुर्ल्याची बंद पडलेली धरमसी मिल त्यांनी स्वस्तात घेतली. तिथंही जुनाट यंत्रांनी घाम फोडला. शेअर पडले, पत गेली. जमशेटजींनी स्वतःचा पैसा ओतला, एम्प्रेसमधली माणसं आणली आणि तीच पुढं स्वदेशी मिल म्हणून सावरली.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. पंप असो की फवारणी यंत्र, नुसता भाव पाहून घेणाऱ्यानं आजही ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आधी एक घ्या, रानात चालवून पाहा, मग पुढचं ठरवा.