कुलूपकाराच्या मुलाचा भागाकार

तारेच्या जुन्या दिव्यावर दोन आकडे छापलेले असत: 230 व्होल्ट आणि 100 वॅट. शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार, हे एकदा ठाऊक असले की 100 ला 230 ने भागून दिव्यातून सुमारे 0.43 अँपियर प्रवाह वाहतो हे कळते. आणि दाबाला प्रवाहाने भागले की पेटलेल्या दिव्याचा रोध 529 ओहम निघतो. शाळकरी मुलगा हे उदाहरण अर्ध्या मिनिटात सोडवितो आणि परीक्षेनंतर विसरून जातो. यातील दुसरा भागाकार ज्याने जगाला दिला, त्याने त्यापायी हातची नोकरी सोडली, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

गेऑर्ग सिमॉन ओहमचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलुपे घडविणारे कारागीर. स्वतः शाळा फारशी न पाहिलेले, परंतु हिमतीने गणित आणि तत्त्वज्ञान वाचलेले. गेऑर्ग दहा वर्षांचा असताना आई निवर्तली. वडिलांनीच दोन्ही मुलांना घरी शिकविले. धाकटा मार्टिन पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. थोरला 1805 मध्ये विद्यापीठात गेला खरा, पण तेथे नृत्य, बिलियर्ड आणि बर्फावरील स्केटिंग यांतच अधिक रमला. आपल्याला कधी न लाभलेली संधी मुलगा उधळतो आहे, हे त्या कष्टाळू बापाला साहवले नाही. तीन सत्रांनंतर विद्यापीठ सुटले आणि 1806 मध्ये हा तरुण स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचा मास्तर झाला. 1811 मध्ये त्याने डॉक्टरेट मिळविली, तरी मास्तरकी सुटली नाही. अखेर 1817 मध्ये कलोन येथील शाळेत तो आला. तेथे भौतिकीची उपकरणे बरी होती.

विद्युत्प्रवाह तारेच्या लांबीनुसार कसा घटतो, एवढाच त्याचा प्रश्न होता. परंतु व्होल्टाच्या घटमालेत एक खोड होती. मंडल जोडताच तिचा जोर ओसरू लागे आणि दोन मापने एकमेकांशी जुळत नसत. 1825 मध्ये ओहमने प्रसिद्ध केलेले पहिले सूत्र चुकलेच. तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला घटमाला सोडून औष्णिक विद्युत वापरण्याचे सुचविले. बिस्मथ आणि तांबे यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने ठरलेली, म्हणून दाबही ठरलेला. मग वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीला मूळ जागी आणण्यासाठी किती पीळ द्यावा लागतो, हे तो मोजीत बसला. उत्तर आश्चर्य वाटावे इतके साधे निघाले. तारेच्या लांबीत उर्वरित मंडलाच्या रोधाबद्दल एक ठरावीक संख्या मिळवावी आणि त्या बेरजेने मंडलाच्या जोराला भागावे, की प्रवाह मिळतो. 1826 मधील ही गोष्ट. आपलेच सूत्र वर्षभरात मोडीत काढण्याचे हे धैर्य मला तरी त्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.

1827 मध्ये बर्लिनला त्याचा ग्रंथ निघाला आणि येथून त्याची उपेक्षा सुरू झाली. अडाणी जगाने प्रतिभावंताला छळले, ही कथा आपल्याला आवडते. ती निम्मीच खरी आहे. हेगेलच्या प्रभावाखालील पोलसारख्या टीकाकारांनी ग्रंथाची संभावना केली, हे खरे. परंतु ओहमनेही आपली बाजू स्वतःच लंगडी केली होती. प्रयोगांची भरभक्कम शिदोरी जवळ असताना त्याने ग्रंथात गृहीतके मांडून गणित चालविले. फूरिएच्या उष्णतावहनाच्या धर्तीवर समीकरणे रचली. ज्यांना प्रयोग हवे होते त्यांना त्यात गणित दिसले. शिवाय घटमालेचा ताण आणि तारेतील प्रवाह या दोन निराळ्या गोष्टी होत, असे मानण्याची तेव्हाच्या विद्वानांची सवय होती. विद्यापीठातील जागेची आशा धरून त्याने 1828 मध्ये कलोनची नोकरी सोडली. जागा मिळाली नाही. बर्लिनच्या लष्करी शाळेत थोडे तास शिकवून त्याने दिवस काढले. 1833 मध्ये न्यूरेम्बर्गच्या तंत्रशाळेत त्याला स्थिर आसरा लाभला.

तोच नियम याच अर्ध्या भागाकाराच्या रूपाने हेन्री कॅव्हेंडिशला 1781 मध्येच गवसला होता. विजेचे धक्के स्वतःच्या शरीराला देऊन त्याने मापने केली आणि वह्या मिटून ठेवल्या. 1879 मध्ये मॅक्सवेलने त्या छापल्या तेव्हा ओहम जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. फ्रान्समध्ये पुइयेने 1830 नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे तेच पडताळले. अखेर 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहमला कोपली पदक दिले. मायदेशापेक्षा परदेशाने आधी ओळखले, हे कोणत्याही देशाला भूषणावह नाही. त्याच सुमारास मँचेस्टरच्या जूलने दाखविले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. ओहमचा नियम त्यात घातला की शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह, हे आपोआप हाती येते. आपल्या उदाहरणाचा पहिला भाग तेथून आलेला.

म्यूनिकला भौतिकीचे अध्यासन त्याला 1852 मध्ये मिळाले. वय त्रेसष्ट, उरले होते दोन वर्षांचे आयुष्य. 6 जुलै 1854 रोजी तो तेथेच वारला; लग्न त्याने केलेच नव्हते. 1881 मध्ये पॅरिसच्या विद्युत् परिषदेने रोधाच्या एककाला ओहम हे नाव दिले.