परप्रांतात ठरलेली वाट : डॉ. आनंदीबाई जोशी

नोकरीनिमित्त मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांना बदलीचा हुकूम काही नवा नसतो. नवे गाव, नवी भाषा, नवे शेजारी आणि मुलांच्या शिक्षणाची पुन्हा पहिल्यापासून चौकशी, हे चक्र आपल्यापैकी अनेकांच्या घरात फिरून गेले आहे. १८८१ साली टपाल खात्यातील एका मराठी गृहस्थांची अशीच कलकत्त्यास बदली झाली. त्यांच्याबरोबर आलेल्या सोळा वर्षांच्या पत्नीने पुढील दोन वर्षांत, बंगालच्या भूमीवर राहूनच, आपण कोणत्या विद्यालयात शिकावयाचे याचा निर्णय केला. ते गृहस्थ म्हणजे गोपाळराव जोशी आणि ती पत्नी म्हणजे पुढे पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत गणल्या गेलेल्या डॉ. आनंदीबाई. त्यांच्या पदवीचे कौतुक सर्वांना ठाऊक आहे. त्या पदवीमागची निवड आणि पूर्वतयारी मात्र तितकीशी सांगितली जात नाही.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळरावांशी झाला. गोपाळराव बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी वडील आणि स्त्रीशिक्षणाचे विलक्षण हट्टी पुरस्कर्ते. पत्नीने शिकलेच पाहिजे हा त्यांचा आग्रह होता, आणि त्या आग्रहाला पुष्कळदा कठोरपणाचे, प्रसंगी मारहाणीचेही रूप येई. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशा बदल्यांबरोबर या बालिकेचा अभ्यास चालू राहिला. मुंबईत मिशनच्या शाळेत जाताना रस्त्यावरच्या लोकांची कुचेष्टाही तिने सोसली. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघा दहा दिवस जगला. स्त्रियांना स्त्री-वैद्य मिळत नाही आणि पुरुष-वैद्यापुढे त्या जात नाहीत, या व्यथेची जाणीव आनंदीबाईंना अशी स्वतःच्या घरातच झाली.

गोपाळरावांनी कोल्हापुरास असताना अमेरिकन मिशनऱ्यांकडे साहाय्याची विचारणा केली होती. धर्मांतर केल्यास मदत होईल, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. ते उभयतांना मान्य होणे शक्यच नव्हते. परंतु हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना त्यांनी तो सहज चाळला होता. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले, आणि हजारो मैलांवरच्या, न पाहिलेल्या या बाई आनंदीबाईंच्या कार्पेंटर मावशी झाल्या. १८८० पासून चाललेल्या या पत्रांतून आनंदीबाईंना अमेरिकेतील घरे, चालीरीती व हवामान यांची ओळख घरबसल्या होत गेली. इंग्रजी लेखनाचा सरावही त्यातूनच झाला.

कलकत्त्यास आल्यावर विद्यालयाचा प्रश्न ऐरणीवर आला. हिंदुस्थानात स्त्रियांसाठी वैद्यकाची दारे सर्वस्वी बंद होती असे नाही. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ सालीच काही स्त्रियांना प्रवेश दिला होता. सुईणीच्या शिक्षणाचे वर्गही ठिकठिकाणी होते. आनंदीबाईंनी या सोयींचा विचार केला आणि त्या अपुऱ्या ठरविल्या. शिकविणारे पुरुष जुन्या मताचे, स्त्रियांना संपूर्ण विद्या देण्यास नाखूष, आणि वर्गात संकोच वाटून मनातली शंका विचारता येणार नाही, असा त्यांचा अनुभवाधिष्ठित तर्क होता. कलकत्त्यातील थॉरबर्न या डॉक्टर दांपत्याने फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव सुचविले. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था खास स्त्रियांसाठीच होती. आनंदीबाईंच्या गरजेस हेच विद्यालय उतरत होते.

निवड झाली, पण तयारी सोपी नव्हती. गोपाळरावांची नोकरी आता कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरास होती. कुटुंबातील माणसे त्यांच्या मिळकतीवर अवलंबून असल्याने त्यांना सोबत जाता येईना. परदेशगमन म्हणजे जातिबहिष्कार, आणि तेही एकट्या विवाहित स्त्रीने करावयाचे! स्वकीयांत संताप उसळला. मिशनरी मंडळींना ती ख्रिस्ती होऊन जावी असे वाटे. या सर्वांना उत्तर देण्यासाठी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यात इंग्रजीतून जाहीर भाषण केले. लोकांच्या आक्षेपांचे त्यांनी सहा प्रश्न पाडले: अमेरिकेसच का, देशात सोय नाही काय, एकटीच का, बहिष्कार पडला तर काय, संकट ओढवले तर काय, आणि कोणत्याही स्त्रीने केले नाही ते आपण का करावे. एकेकाला त्यांनी शांतपणे उत्तर दिले. आपला पोशाख, आहार व धर्म आपण तिकडेही तसाच पाळू, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, ही त्यांची ग्वाही होती. अठरावे वर्षही पूर्ण न झालेली मराठी मुलगी परप्रांतात, परभाषेत, भरसभेत हे बोलली. त्या भाषणाने वातावरण पालटले आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून साहाय्य येऊ लागले.

प्रवासखर्चासाठी आनंदीबाईंच्या अंगावरच्या सोन्याच्या बांगड्या विकल्या गेल्या. पैसा, भाषा, पोशाख, धर्म या सर्वांची तजवीज झाली होती. एकाच गोष्टीची तयारी होऊ शकली नव्हती, ती म्हणजे प्रकृतीची. बंगालच्या वास्तव्यात त्यांना अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप आणि दम लागणे असा त्रास सुरू झाला होता. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठविली, पण गुण आला नाही. अशा शरीराने थंड देशात जावे की नाही, हा सातवा प्रश्न होता. तो सभेत कोणी विचारला नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघून, मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने, त्या ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. उन्हाळा कार्पेंटर मावशींच्या घरी गेला. तेथून त्यांनी प्रवेशासाठी जो अर्ज केला, तो आजच्या विद्यार्थ्यांनीही ध्यानी घ्यावा असा आहे. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करू शकत नसू, हे त्यांनी लपविले नाही. मात्र स्वकीयांचा व जातीचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपण इथवर आलो, तो निश्चयही पात्रतेत धरावा, अशी त्यांची विनंती होती. महाविद्यालयाच्या प्रमुख, रसायनशास्त्राच्या अध्यापिका रेचल बॉडले यांनी त्यांना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरच्या साहाय्याची व्यवस्थाही झाली.

निवड योग्य होती, याचा प्रत्यय वर्गात आला. औषधिविज्ञान शिकविणाऱ्या क्लारा मार्शल या स्वतः फिलाडेल्फियाच्या औषधनिर्माण महाविद्यालयात प्रवेश मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री होत्या. मद्रासेस जे वातावरण मिळणार नाही अशी आनंदीबाईंना भीती होती, ते येथे होते. थंडीसाठी त्यांनी नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला; एवढा बदल त्यांच्या व्रतात बसत होता. पण थंडी, न मानवणारा आहार आणि अभ्यासाचे श्रम यांनी शरीर पोखरले जात होते. प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. समारंभास गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाईही इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या.

कोल्हापूर संस्थानाने तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जागा त्यांना देऊ केली. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या त्या क्षयाने जर्जर होऊनच. रुग्णालयाचा कारभार हाती घेण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ही ज्योत मालवली. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठविली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली.

आनंदीबाई परदेशी गेल्या त्याच १८८३ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने स्त्रियांना प्रवेश दिला, आणि त्यानंतर थोड्याच काळात कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात कादंबिनी गांगुली दाखल झाल्या. थोडे थांबल्या असत्या तर हे शिक्षण स्वदेशीच मिळाले असते, असे कोणास वाटेल. परंतु दारे केव्हा उघडतील हे बाहेर उभे राहणाऱ्यास कळत नसते. आज आपल्या मंडळातील मुली वैद्यक व औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यालयांसाठी अर्ज भरतात, तेव्हा गुण, शुल्क आणि वसतिगृह यांची चौकशी आपण करतोच. तिच्याबरोबर दोन गोष्टी आनंदीबाईंच्या चरित्रातून घ्याव्यात. शिक्षण कोणासाठी घ्यावयाचे हे आधी ठरले म्हणजे विद्यालयाची निवड सोपी होते, ही एक. आणि मुलीच्या निश्चयाचे कौतुक करताना तिच्या प्रकृतीची विचारपूस घरच्यांनी विसरू नये, ही दुसरी.