तीन नंबरच्या बावट्यामागचा माणूस

मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की ती बातमी चहाच्या टपरीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. बहुतेक होड्या थांबतात. दोन-चार जण मात्र आकाशाकडे बघून म्हणतात, असले वारे पुष्कळ पाहिले. हंगामाच्या सुरुवातीला हे म्हणणारे जरा जास्तच असतात. पावसाळ्यातली बंदी नुकतीच संपलेली असते, हातात पैसा नसतो, इंजिनाच्या दुरुस्तीचे आणि नव्या जाळ्याचे देणे डोक्यावर असते. नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला दिला की मन आधीच होडीत जाऊन बसते. हिमालयात पहिला मोठा बर्फ पडल्यावर स्कीइंगला धावणाऱ्यांचेही असेच होते. वर्षभर वाट पाहिलेली असते, आणि ताजा थर खालच्या थरावर अजून नीट बसलेला नसतो. धोक्याचा अंदाज घ्यायला माणूस सर्वांत कच्चा असतो तो नेमका अशा वेळी.

हा कच्चेपणा स्वतः भोगलेल्या एका दर्यावर्दीने वादळाच्या इशाऱ्याची व्यवस्था उभी केली. त्याचे नाव रॉबर्ट फिट्झरॉय. चार्ल्स डार्विनला जगाच्या सफरीवर नेणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा कप्तान म्हणून तो शाळेच्या पुस्तकातून आपल्याला ओझरता भेटतो. डार्विनच्या सावलीत त्याचे दुसरे काम झाकले गेले. माझ्या मते मच्छीमाराच्या दृष्टीने तेच मोठे आहे.

फिट्झरॉयचा जन्म ५ जुलै १८०५ रोजी इंग्लंडमधल्या एका उमराव घराण्यात झाला. लहान वयातच तो आरमारी शाळेत गेला आणि २३व्या वर्षी ‘बीगल’चा कप्तान झाला. ही बढती आनंदाची नव्हती. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील एकाकी, गारठलेल्या समुद्रात त्याच्या आधीच्या कप्तानाने नैराश्यात जीव दिला होता. काही आठवड्यांतच, जानेवारी १८२९ मध्ये, उरुग्वेच्या माल्दोनादो बंदराजवळ ‘बीगल’ अचानक उठलेल्या वादळात सापडली. वायुभारमापकातला पारा आधीच उतरू लागला होता. पण बंदर जवळ होते आणि पोहोचायची घाई होती. शिडे वेळेवर उतरवली गेली नाहीत. दोन खलाशी समुद्रात गेले. पारा उतरताना बघूनही पुढे गेल्याची ही बोच त्याला आयुष्यभर पुरली.

पाऱ्याचे काम साधे आहे. आपल्या डोक्यावरच्या हवेला वजन असते. समुद्रसपाटीला ते सुमारे ७६० मिलिमीटर उंच पाऱ्याचा स्तंभ तोलून धरते. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, म्हणून वादळ जवळ येऊ लागले की पारा खाली येतो. फिट्झरॉयने पुढे सगळ्यांच्या मनावर बिंबवले ते असे, की पारा कुठे आहे यापेक्षा तो किती वेगाने हलतो आहे हे बघा. हळूहळू उतरणारा पारा आणि तासाभरात कोसळणारा पारा यांचा अर्थ वेगळा. त्याच्या जोडीला वाऱ्याची दिशा, उष्णता आणि ढग बघा. एकाच खुणेवर विसंबू नका.

१८३१ ते १८३६ ही डार्विनबरोबरची सफर प्रसिद्धच आहे. डार्विनला बरोबर घेण्यामागे एकटेपणाची धास्ती होती, हे कमी लोकांना ठाऊक असते. आधीच्या कप्तानाचा शेवट त्याला माहीत होता, आणि त्याच्या मामानेही आत्महत्या केली होती. पुढे तो न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला. तिथे माओरींची बाजू ऐकून घेतो म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांशी बिनसले आणि १८४५ मध्ये त्याला परत बोलावले गेले.

१८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने हवामानाच्या नोंदी जमवण्यासाठी एक छोटे खाते काढले आणि ते त्याच्याकडे दिले. अपेक्षा फक्त आकडे गोळा करण्याची होती. त्याने गरीब मच्छीमार गावांना वायुभारमापक वापरायला दिले. मजबूत, वाचायला सोपे, आणि होडी लोटण्यापूर्वी येता-जाता दिसतील असे धक्क्यावर लावलेले. त्यांतले काही स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आजही भिंतींवर आहेत.

२६ ऑक्टोबर १८५९ रोजी मेलबर्नहून सोने घेऊन येणारे ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटले. सुमारे साडेचारशे माणसे गेली. त्याच वादळात शंभराहून जास्त जहाजे बुडाली. फिट्झरॉयने नोंदी नकाशावर मांडल्या तेव्हा दिसले, की वादळ काही तास सरकत होते आणि तार त्याच्यापेक्षा कितीतरी वेगाने धावते. मग पुढच्या बंदराला आधी का कळवू नये? फेब्रुवारी १८६१ मध्ये इशारे सुरू झाले. बंदरावरच्या काठीला शंकू किंवा पिंप टांगायचे. शंकूचे टोक वर असेल तर वादळी वारा उत्तरेकडून, खाली असेल तर दक्षिणेकडून. १ ऑगस्ट १८६१ रोजी ‘टाइम्स’मध्ये जनतेसाठी हवामानाचा पहिला अंदाज छापून आला. आपल्या राज्यात अलीकडची बरीच वर्षे मासेमारीबंदी ३१ जुलैला संपत आली आहे. हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

पुढचा भाग कटू आहे. अंदाज चुकले की वर्तमानपत्रे टिंगल करत. हे भाकीत नव्हे, उपलब्ध माहितीवरचे मत आहे, असे तो पुन्हा पुन्हा समजावत राहिला. शास्त्रज्ञांना त्यामागे पक्का सिद्धांत दिसत नव्हता. होड्यांच्या मालकांना एक दिवस फुकट गेलेला दिसे. इशारा देणाऱ्याची ही कायमची कोंडी आहे. थोड्या शंकेवर बावटा लावला तर होड्या उगाच थांबतात आणि लोक बावट्याला जुमानेनासे होतात. खात्री होईपर्यंत थांबले तर एखादे दिवशी माणसे जातात. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणे आजच्या उपग्रहांनाही जमलेले नाही. थांबलेल्या दिवसाचा तोटा मात्र लगेच मोजता येतो. न बुडालेली होडी कुणी मोजत नाही.

जास्तीचे काम, कमी होत गेलेले ऐकू येणे, सार्वजनिक कामात संपलेले स्वतःचे पैसे आणि आधीपासूनचे नैराश्य यांनी तो खचला. ३० एप्रिल १८६५ रोजी त्याने आपले जीवन संपवले. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार असतात, हे मानणारा तो काळ नव्हता. कुटुंबासाठी उभारलेल्या निधीत डार्विनने १०० पौंड दिले. उत्क्रांतीवरून दोघांचे फाटले होते, तरीही.

त्याच्या मागे चौकशी समिती बसली आणि डिसेंबर १८६६ मध्ये इशारेही बंद झाले. ते परत मागितले बंदरांवरच्या लोकांनी. वर्षभरातच शंकू पुन्हा काठीवर चढले.

आपल्याकडे ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळाने कोलकाता उद्ध्वस्त झाल्यावर १८६५ मध्ये तिथे बंदर-इशारे सुरू झाले. १८८० मध्ये पश्चिम किनाऱ्याचा नंबर लागला. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन मोसम असतात, एक मे-जूनमध्ये आणि दुसरा ऑक्टोबरपासून. म्हणजे दर्या निवळल्यासारखा वाटतो तो आपला हंगाम दुसऱ्या मोसमाच्या तोंडावरच सुरू होतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळातून वाचलेल्या ६८ होड्या आणि ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागले. बहुतेक होड्या केरळच्या होत्या. त्या इशारा येण्यापूर्वीच खोल समुद्रात गेल्या होत्या.

आपल्या बंदरांतले इशारे १ ते ११ असे आहेत. आपल्या ओळखीचा तिसरा स्थानिक सावधगिरीचा, म्हणजे बंदरात सोसाट्याचा वारा अपेक्षित आहे. ८ ते १० महाधोक्याचे. ११व्याचा अर्थ वेगळाच आहे. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे, आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या अंदाजाने हवा बिघडणार असे वाटते आहे.