वाळूचा कण न् कण शार्प!

पहिल्या नजरेत त्या फोटोत वाळू दिसतच नाही. दिसतो तो काळाकुट्ट पट्टा, त्याच्या कडेने गेलेली सुरीच्या पात्यासारखी रेष आणि पलीकडे करड्या-पांढऱ्या छटा. कुणाला ते पेंटिंग वाटेल, कुणाला पाठमोरं शरीर. जरा थांबून बघितलं की वाऱ्याने उमटवलेल्या बारीक लाटा दिसतात आणि कळतं, अरे, ही तर वाळूची टेकडी! १९३६ मध्ये एडवर्ड वेस्टनने कॅलिफोर्नियातल्या ओशिएनोच्या किनाऱ्यावर असे बरेच फोटो काढले.

गंमत म्हणजे सुरुवातीला हा माणूस याच्या बरोब्बर उलट फोटो काढायचा. जन्म १८८६चा, इलिनॉयमधला. सोळाव्या वर्षी वडिलांनी कोडॅक कॅमेरा दिला. पुढे कॅलिफोर्नियात दारोदार फिरून लोकांचे फोटो, मग १९११ मध्ये स्वतःचा स्टुडिओ. तेव्हा फोटोला कला म्हणवून घ्यायचं तर तो चित्रासारखा धूसर हवा, असा समज होता. वेस्टन त्या सॉफ्ट फोकसमध्ये एकदम पक्का. बक्षिसं मिळत होती, घरी बायको फ्लोरा, चार मुलगे. सगळं सेट!

तरी त्याने तो धूसरपणा सोडला. १९२२ मध्ये ओहायोतल्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या स्वच्छ, रेखीव टिपल्या आणि पुढच्या वर्षी टीना मोदोत्तीबरोबर थेट मेक्सिको गाठलं. सोबत फक्त थोरला मुलगा. फ्लोरा आणि बाकीची तीन मुलं मागेच राहिली. त्याच्या धाडसाचं कौतुक करताना हा भाग गाळू नये. परतल्यावर शंख-शिंपले, भाज्या. १९३० मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून त्याने असा फोटो काढला की ती पिळदार शरीरासारखी दिसते.

ओशिएनोला त्याचा मुलगा ब्रेट आधीच फोटो काढून गेला होता. म्हणजे इथे बाप मुलाच्या मागून आला. जवळ ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हचा अवजड कॅमेरा आणि ट्रायपॉड. वाळूत पाय रुततो आणि चुकीच्या बाजूने चढलं की फ्रेममध्ये आपल्याच पावलांचे ठसे. दुपारच्या उन्हात टेकडी सपाट दिसते, म्हणून सूर्य खाली असताना तिरपा उजेड गाठायचा. तेव्हा एक उतार उजळतो, दुसरा काळा पडतो. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून प्रिंट काढायची, एनलार्जमेंट नाही. त्यामुळे कण न् कण शार्प. काही फोटोंत आकाशच नाही, त्यामुळे टेकडी दहा फुटांची की शंभर, तेही कळत नाही. अमूर्त म्हणजे धूसर असं आपल्याला वाटतं. इथे ते आलंय शार्पनेसमधून, आणि मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. त्याच टेकड्यांवर त्याची जोडीदार चॅरिस विल्सन विवस्त्र होऊन उतारावरून लोळत खाली आली, ते फोटोही गाजले.

१९३७ मध्ये त्याला गुगेनहाइम फेलोशिप मिळाली; फोटोग्राफरला ती मिळण्याची ही पहिलीच वेळ. अर्जामागे चॅरिसची मेहनत होती. पण दशकभरातच पार्किन्सन्सने गाठलं. शेवटचा फोटो त्याने १९४८ मध्ये पॉइंट लोबोसला काढला. हात कापायला लागल्यावर डार्करूममध्ये ब्रेट उभा राहिला. वडील बघायचे, सांगायचे आणि तो त्यांच्या जुन्या निगेटिव्हजच्या शेकडो प्रिंट्स काढायचा. १ जानेवारी १९५८ला कार्मेलच्या घरी वेस्टन गेला.