हरवलेल्या मिठाचा हिशोब

विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी इतिहासाच्या पुस्तकात भेटतो तो भारतात तारायंत्र उभारणारा म्हणून. पण माझ्या मते त्याचं मोठं काम त्याआधीचं, आणि ते त्याने २२ व्या वर्षी केलं. (जवळपास आमच्याच वयात. असो.)

जन्म १८०९ चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. १८२९ मध्ये एडिंबरोहून डॉक्टर होऊन तो लंडनला आला, तर तिथे प्रॅक्टिसची परवानगी मिळेना. मग रासायनिक तपासण्या करू लागला. १८३१ च्या शेवटी इंग्लंडच्या संडरलंड बंदरात कॉलरा आला, तेव्हा हा तिकडे गेला.

रोगी निळे पडलेले, डोळे खोल गेलेले, अंग थंडगार, पायात गोळे, नाडी लागत नाही. शीर उघडली तर रक्त काकवीसारखं. आणि डॉक्टर काय करत होते? तर आणखी रक्त काढत होते! ओ'शॉनेसीने ते रक्तच तपासलं. त्यातलं पाणी, मीठ आणि सोड्यासारखे क्षार फार घटले होते. मग जुलाब तपासले, तर हरवलेले क्षार तिथे सापडले. हिशोब जुळला. जे गेलं ते परत भरायला हवं, शिरेतूनसुद्धा, असं त्याने 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. आज याला आपण इलेक्ट्रोलाइटचा असमतोल म्हणतो.

माणसावर प्रयोग केला तो स्कॉटलंडमधल्या लीथच्या थॉमस लाटाने, १८३२ मध्ये. मेल्यात जमा असलेल्या एका म्हातारीच्या शिरेत त्याने अर्ध्या तासात सुमारे तीन लिटर मीठ-सोड्याचं पाणी सोडलं. नाडी परत आली, चेहऱ्यावर रंग आला. लाटा दमून निघून गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी मात्र पुन्हा दिलं गेलं नाही, आणि काही तासांत ती गेली. मला या सगळ्यात बोचतं ते हेच. गळती चालू आहे तोवर मोजत भरत राहावं लागतं, एकदा भरून भागत नाही. पुढच्याच वर्षी लाटाही वारला आणि उपचार मागे पडला.

ओ'शॉनेसी १८३३ मध्ये कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला. मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, गांजा औषध म्हणून तपासला, अगदी कॉलऱ्यावरही. १८५३ पासून कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास अशा तारा ओढल्या आणि १८५६ मध्ये 'सर' झाला. कॉलऱ्याच्या माहेरघरात राहून हा गडी मीठ-पाण्याकडे पुन्हा का वळला नाही, हे मला कोडंच आहे. १८६० मध्ये तो परतला, १८८९ मध्ये साउथसीला वारला.

त्याच बंगालमध्ये, बनगावला, १९७१ साली निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रोग्यांना तोंडाने पाजलं. मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ वर आलं.