फादर थॉमस स्टीफन्स : बायबलच्या कथेला ओवीचे रूप देणारा धर्मगुरू

चिंचणी गावी काही प्राचीन ताम्रपट सापडले आहेत. त्यांतील शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूट राजांच्या वतीने संजाण परिसराचा कारभार पाहणाऱ्या एका अरब अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. त्याचे नाव ‘मधुमती’ असे कोरलेले असून ते ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप असल्याचे विद्वान मानतात. देवीच्या एका मठिकेला दिलेल्या दानाची नोंद याच ताम्रपटात आहे. समुद्रापलीकडून आलेले नाव आपल्या किनाऱ्यावर येथील भाषेचा वेश धारण करते, याचा हा हजार वर्षांपूर्वीचा पुरावा होय. पुढे सुमारे सात शतकांनी याच पश्चिम किनाऱ्यावर, पण दक्षिणेस गोव्यात, एका इंग्रज धर्मगुरूने केवळ एक नाव नव्हे, तर यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेची संपूर्ण तारणकथा मराठीत आणली. ते धर्मगुरू म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. तो काळ इंग्लंडच्या कॅथलिकांसाठी खडतर होता. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत कॅथलिक धर्मगुरूंचा छळ होत असे. स्टीफन्स यांचे मित्र थॉमस पाऊंड यांना श्रद्धेपायी दीर्घ कारावास भोगावा लागला. स्टीफन्स रोमला पोहोचले आणि १५७५ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. हिंदुस्थानात स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज अशी त्यांची ओळख इतिहासात आहे. प्रवासाचे वर्णन करणारे, वडिलांना लिहिलेले त्यांचे पत्र पुढे इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले.

त्यानंतरची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी प्रामुख्याने साष्टी प्रांतात धर्मसेवा केली. हे कार्य शांत वातावरणात झाले नाही. देवळे पाडण्यात आल्याने साष्टीतील लोकांच्या मनात तीव्र संताप होता. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांच्या चार येशूसंघीय सहकाऱ्यांना ठार मारण्यात आले. पुढे पोर्तुगीज सत्तेने गावच्या प्रमुखांचाही क्रूरपणे अंत केला. कुंकळ्ळीच्या हुतात्म्यांचे मृतदेह परत मिळविण्याच्या कामी फादर स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला. सत्तेच्या बळावर केलेला धर्मप्रसार किती जखमा करून जातो, हे त्यांनी जवळून पाहिले. त्यांनी स्वतः मात्र भाषेचा मार्ग धरला. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण नोंदविले. युरोपीय विद्वानांनी या साम्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला तो त्यानंतर दोन शतकांनी.

नवख्रिस्ती लोकांची एक व्यथा फादर स्टीफन्स यांच्या ध्यानी आली होती. त्यांची पूर्वीची पुराणे त्यांच्याकडून काढून घेण्यात आली होती आणि त्या जागी ऐकावे, गावे असे काहीच हाती आले नव्हते. श्रद्धा केवळ प्रश्नोत्तरे पाठ करून रुजत नाही; तिला कथा लागते, लय लागते. या गरजेतून ‘ख्रिस्तपुराण’ जन्मास आले. १६१६ साली राचोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले. दोन्ही पुराणे मिळून एकूण १०,९६२ ओव्या त्यात आहेत. संत एकनाथांचे निधन १५९९ सालचे. म्हणजे मराठी ओवी ऐन बहरात असताना या परदेशी धर्मगुरूने ती आत्मसात केली. ग्रंथारंभी त्यांनी रत्ने, फुले व सुगंध यांच्या उपमा देऊन मराठीची थोरवी गायिली आहे.

या ग्रंथाची रचना विचारपूर्वक केलेली आहे. पहिले पुराण जुन्या कराराचे. विश्वाची उत्पत्ती, आदाम व एवा, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद आणि संदेष्टे यांच्या कथा त्यात येतात. दुसरे पुराण प्रभू येशूच्या जीवनाचे. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा परिचित शब्द ते योजतात. परंतु बाप्तिस्मा, पवित्र आत्मा अशा संकल्पनांसाठी पोर्तुगीज-लॅटिन शब्दच ठेवतात. कोठे जुना शब्द नव्या अर्थाने वापरावा आणि कोठे नवा शब्दच आणावा, हा विवेक त्यांच्या लेखनात पदोपदी जाणवतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जुन्या कराराची कथा मुळात इस्राएली लोकांची. यहुदी समाज ती आपल्या करारबद्ध जीवनाची कथा म्हणून वाचतो, तर ख्रिस्ती परंपरा तीत प्रभू येशूच्या आगमनाची पूर्वतयारी पाहते. फादर स्टीफन्स यांनी ती दुसऱ्या दृष्टीने मांडली आणि वर तिला पुराणाचे रूप दिले. म्हणजे एकच कथा दोनदा नव्याने सांगितली गेली. त्यांच्या काळी यहुद्यांकडे पाहण्याची युरोपची दृष्टी कठोर होती. गोव्यातील धर्मन्यायालयाने यहुदी वंशाच्या नवख्रिस्ती लोकांनाही शिक्षा केल्या. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने अन्य धर्मांविषयीच्या घोषणापत्रात यहुदी लोकांशी असलेले आध्यात्मिक नाते स्पष्ट केले आणि ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट त्यांच्यावर ठेवता येणार नाही असे सांगितले. म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ आज वाचताना त्यातील भक्तीचा स्वीकार आणि त्या काळाच्या मर्यादांचे भान, दोन्ही हवे. कोकणातील बेने इस्राएल समाजानेही एकोणिसाव्या शतकात याच जुन्या कराराच्या कथा मराठी कीर्तनांतून गायिल्या. एका भाषेत दोन श्रद्धांनी एकच वारसा जपला, हे महाराष्ट्राचे भाग्य होय.

फादर स्टीफन्स १६१९ साली गोव्यात निवर्तले. त्यांचे कोकणी ‘दौत्रिना ख्रिस्तां’ १६२२ साली आणि कोकणी भाषेचे व्याकरण १६४० साली छापून प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे छापील स्वरूपातील ते पहिले व्याकरण मानले जाते. ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा १६४९ व १६५४ साली छापले गेले. परंतु १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. छापील प्रती नष्ट झाल्या. ग्रंथ मात्र उरला, कारण श्रद्धावंतांनी तो हाताने उतरवून घेतला व उपवासकाळात गायिला. अशा हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली. विसाव्या शतकात लंडनच्या एका संग्रहात त्याची देवनागरी प्रतही उजेडात आली.

आपल्या भागाचाही यातून बोध घेण्यासारखा आहे. डहाणू व तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर आजही वारली बोली घरात आणि प्रमाण मराठी मिस्सेत असे चित्र दिसते. बोलीतील गाणी व कथा उपासनेच्या बाहेर राहिल्या, तर साष्टीतील त्या लोकांची व्यथाच नव्याने उभी राहील. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध करून मराठी वाचकांसाठी हीच वाट पुढे नेली. शुभवर्तमान बदलत नाही. पण ते ज्या कानांवर पडते त्यांची भाषा शिकण्याचे कष्ट प्रत्येक पिढीला नव्याने घ्यावे लागतात. फादर स्टीफन्स यांनी ते चाळीस वर्षे घेतले.