धन्वंतरी महालाचे निर्माते : तंजावरचे सरफोजीराजे

तंजावरच्या मराठा राजघराण्यातील विद्याव्यासंगी राजे सरफोजी भोसले (दुसरे) यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी झाला. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. मात्र त्याच वर्षी तुळजाराजांचे निधन झाले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीखाली सरफोजींचे शिक्षण झाले.

१७९८ मध्ये ते गादीवर आले. परंतु पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, नेमणूक आणि महसुलाचा हिस्सा एवढेच उरले. सत्ता गमावलेल्या या राजाने उर्वरित आयुष्य विद्या आणि आरोग्य यांना वाहिले.

त्यांनी उभारलेल्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे तयार होत. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य या पद्धतींचे जाणकार तेथे एकत्र काम करीत. औषधांचा गुण पडताळून पाहिला जाई. नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि डोळ्यांची रंगीत चित्रेही जपून ठेवली जात. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले. गजशास्त्र आणि अश्वशास्त्रावरील हस्तलिखितेही या ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजांचे निधन झाले. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये डॉ. थॉमस लाटा यांनी पटकीच्या रुग्णांच्या शिरेतून क्षारयुक्त पाणी देऊन पाहिले. आजच्या सलाइनचा उगम तेथे सापडतो.

जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या जनावरालाही आज हाच आधार दिला जातो. मोठ्या घोड्याला त्यासाठी कित्येक लिटर द्रव लागतो. साधे सलाइन जास्त दिल्यास रक्तातील आम्लता वाढू शकते. त्यामुळे अनेकदा रिंगर लॅक्टेटला पसंती मिळते. स्टार्चयुक्त द्रव शिरांमध्ये अधिक काळ टिकतात. पण माणसांवरील अभ्यासांत त्यांचा मूत्रपिंडांना अपाय दिसून आल्याने पशुवैद्यही ते जपून वापरतात.

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडू येथे सरफोजीराजांनी मुक्तांबाळ छत्र बांधले. त्याच गावात २०१२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुक्या जिवांवरील उपचारांचा अभ्यास राजांच्या मुलखात असा आजही सुरू आहे.